चिलीच्या फियॉर्डमधला खवल्यांचा किडा: नवीन प्रजाती आहे असं कधी म्हणायचं?

खारं_पाणी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतोय इकडे. मी मूळचा मालवणचा, सध्या उत्तर जर्मनीत मास्टर्स चालू आहे आणि ज्यात अडकलोय ते घरी कोणाला सांगून कळणार नाही, आईने विचारलं की "किडे मोजतोय" एवढंच सांगतो.

तर विषय असा की चिलीच्या दक्षिणेला कोमाऊ नावाचा फियॉर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) आहे, साधारण ४२ अंश दक्षिण. दोन्ही बाजूला सरळसोट डोंगर, आणि ते तसेच पाण्याखाली जवळजवळ ५०० मीटर खाली उतरलेत. पाऊस मरणाचा, त्यामुळे वर गोड्या पाण्याचा थर तरंगतो आणि त्याखाली थंड खारं पाणी. तिथली खासियत म्हणजे डेस्मोफायलम नावाचं कोरल, जे बाकी जगात बहुतेक करून शेकडो मीटर खोल सापडतं, ते इथे २० मीटरवर डायव्हरच्या हाताला लागतं. पाण्याचा पीएच पण एवढा कमी की कोरलने तिथे जगूच नये, तरी मजेत वाढतंय.

आमच्या आधीच्या बॅचने या कोरलच्या मेलेल्या बुंध्यांतून वेचलेले ७ किडे एका बरणीत अल्कोहोलमध्ये ठेवले होते ते माझ्या गळ्यात पडले. पॉलीकीट आहेत, म्हणजे समुद्रातले वलयावलयांचे किडे, त्यातले पॉलिनॉइडी, म्हणजे पाठीवर खवले असलेले. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, रंग उडालेला, खवले मंगलोरी कौलांसारखे एकावर एक. मी खवल्यांच्या १५ जोड्या मोजल्या म्हणून हार्मोथोई हा जीनस (प्रजातीसमूह) धरला. खवल्यांवरचे काटे कुठल्याच चित्राशी जुळत नाहीत, एसईएमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो भारी आलेत. डीएनए पण केला, सीओआय जीन (प्रजाती ओळखायला वापरतात तो), ब्लास्टमध्ये, म्हणजे साठ्यातल्या सीक्वेन्सशी ताडून बघितल्यावर, सगळ्यात जवळचा मॅच ८४ टक्के!! म्हणजे नवीनच ना? गाईड म्हणतात "घाई नको", पण ते सगळ्यालाच घाई नको म्हणतात. पुढे नेमकं काय करायचं असतं, आणि नाव मालवणवरून देता येईल का? डोक्यात मालवनेन्सिस घोळतंय.

कौलारू
भावा अभिनंदन!! बीएस्सीला नेरीस या समुद्री किड्याच्या पॅरापोडियमची (बाजूच्या पायाची) स्लाइड काढून काढून हात मोडला होता आमचा, तेव्हा वाटायचं या किड्यांचं कोणाला काय पडलंय. आणि तू थेट नवीन घेऊन आलास. मालवनेन्सिस कर बिनधास्त, पार्टी मालवणात, सुरमई तुझ्याकडून.

जुना_मायक्रोस्कोप
कौलारू, पार्टी जरा थांबवा.

खारं_पाणी, तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्साह छान आहे, पण तू सुरुवात उलट्या टोकाने केली आहेस. तू विचारतोयस "हा नवीन आहे का". खरं काम असतं "हा जुना नाही" हे दाखवण्याचं, आणि ते जुन्या नावांच्या एकेका मालकाच्या दारात जाऊन करावं लागतं.

तुझ्या भागाचंच घे. १८५१ ते ५३ मध्ये स्वीडनची यूजेनी नावाची फ्रिगेट जगाला फेरी मारून आली, तिच्यावर किनबर्ग नावाचा निसर्गतज्ज्ञ होता. त्याने मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून खवल्यांचे किडे नेले आणि त्यांना नावं दिली. तू ज्या हार्मोथोई प्रजातीसमूहात किडा बसवतोयस तो प्रजातीसमूहच त्याने उभा केलाय आणि त्याची मूळ प्रजाती, हार्मोथोई स्पायनोझा, त्याच दक्षिण टोकाकडची. म्हणजे तू पाटलाच्या वाड्यात शिरून विचारतोयस की इथे कोणी राहतं का. त्याच्याच यादीत हर्मेडिऑन मॅगॅल्हेन्सी आहे, त्यालाही १५च जोड्या, पण शेपटाकडची वलयं उघडी राहतात, खवले तिथवर पोचत नाहीत. पुढे चॅलेंजर मोहिमेच्या मालावरून मॅकिन्टॉशने १८८५ मध्ये आणखी घातले, मग एहलर्सने १८९७ आणि १९०१ मध्ये मॅगेलन आणि चिलीच्या किनाऱ्याचे, मग १९६०च्या दशकात हार्टमान-श्रोडर बाईंनी चिलीचे. ही सगळी नावं एका कागदावर काढ, प्रत्येकासमोर लिही की तुझा किडा तो का नाही. "चित्राशी जुळत नाही" हे कारण चालणार नाही, कारण किनबर्गची वर्णनं म्हणजे लॅटिनमधल्या दोन-चार ओळी, त्यात अर्ध्या कुटुंबाचे किडे बसतील.

म्हणून मूळ नमुना बघावा लागतो. किनबर्गचे नमुने स्टॉकहोमच्या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममध्ये आहेत. आणि तू उत्तर जर्मनीत बसलायस, तुझ्या शेजारी हॅम्बुर्ग! हार्टमान-श्रोडर बाई तिथल्याच, एहलर्सकडे गेलेला मॅगेलनचा बराच माल हॅम्बुर्गच्याच मोहिमेचा. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या म्युझियमची इमारत जळली, पण अल्कोहोलच्या बरण्या आधीच हलवल्या होत्या म्हणून बहुतेक वाचल्या. माणसांनी युद्धात किड्यांच्या बरण्या वाचवल्या आणि आपण त्या न बघता नवीन नाव द्यायचं, हे मला तरी बरं वाटत नाही.

आता खवल्यांकडे ये. हे किडे हात लावला की खवले टाकतात, पाल शेपूट टाकते तसे. बरणीच्या तळाशी पडलेला खवला कुठल्या किड्याचा हे ब्रह्मदेव सांगू शकणार नाही. तू १५ जोड्या कशावर मोजल्यास? सातही किड्यांवर? पडलेले खवले मोजू नकोस, खवला ज्या खुंटावर बसतो तो खुंट मोज, एलिट्रोफोर, तो शिल्लक राहतो. हार्मोथोईत खुंट दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या वलयावर, मग एकाआड एक २३ पर्यंत, आणि मग २६, २९, ३२. ज्या वलयावर खुंट नाही तिथे पाठीवर लांब मिशीसारखा सिरस असतो, तो पडला तरी त्याचं बुड दिसतं. मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून बघ, सगळं उठून दिसेल.

दर्या_ताई
मायक्रोस्कोप सरांनी बरंचसं सांगितलंच आहे, मी गोव्यात याच किड्यांवर काम करते म्हणून थोडी भर घालते.

८४ टक्क्यांवर नाचू नकोस रे. त्याचा अर्थ एवढाच की तुझ्या किड्याच्या जवळचं काही जेनबँकमध्ये, म्हणजे डीएनए सीक्वेन्सच्या जाहीर साठ्यात, कोणी टाकलेलंच नाही. दक्षिणेकडच्या अर्ध्याअधिक जुन्या नावांचा सीक्वेन्स तिथे नसतो, आणि जे असतात त्यातले काही चुकीच्या नावाने पडलेले असतात. तुझा किडा १८५६ सालापासून नाव असलेला निघाला तरी मॅच ८४च येऊ शकतो. उलटं पण होतं बरं का. पॉलियुनोआ लेव्हिस नावाचा एक खवल्यांचा किडा आहे, कोरलवर राहणारा, तो दक्षिण महासागरात सगळीकडे एकच आहे असं वर्षानुवर्षं धरून चाललेले, डीएनए बघितला तर एका नावाखाली अनेक प्रजाती निघाल्या. आपल्याकडे पण हीच रड आहे. फोव्हेल या फ्रेंच माणसाचं १९५३ चं भारतातल्या पॉलीकीटवरचं पुस्तक आम्ही अजून रोज उघडतो, त्यात युरोपातली नावं भरपूर, कारण तेव्हा समज असा की किडा जगभर एकच असतो. मार्फिसा सँग्विनिया हे नाव मूळचं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किड्याचं, आणि ते भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळ्यांना चिकटवलं. २००३ मध्ये इंग्लंडचे नमुने नीट परत बघितले तेव्हा कळलं की ऑस्ट्रेलियातला वेगळाच आहे. म्हणून जुन्या नावाला घाबरायचं पण नाही, नुसतं मूळ ठिकाणचं काय आहे ते बघायचं.

बाकी कामाचं. सगळे अल्कोहोलमध्ये आहेत म्हणजे डीएनएला बरं पण किडे कडक होऊन तुटतात, जपून. पुढच्या वेळी कोणी डाइव्हला जाणार असेल तर सांग, आधी समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड घालून किडा गुंगवायचा, मग काही फॉर्मलिनमध्ये आणि काही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, म्हणजे खवले अंगावर राहतात. जिवंत असतानाचा रंगीत फोटो तर हवाच, बरणीत गेल्यावर सगळे एकाच पिवळट रंगाचे. डीएनएसाठी एकाच बाजूचे एक-दोन पॅरापोडिया काप, दुसरी बाजू शाबूत ठेव. आणि कुठल्या किड्याचा तुकडा कुठल्या ट्यूबमध्ये गेला ते लिहून ठेवलंयस ना?

एक महत्त्वाचं. नाव कुठेही लिहू नकोस. प्रबंधात नाही, पोस्टरवर नाही, आणि इथे तर अजिबात नाही (मालवनेन्सिस ऑलरेडी लिहून बसलास 😄). प्रबंधात नुसतं हार्मोथोई एसपी. १ (म्हणजे नाव न ठरलेली प्रजाती) लिही. प्रबंध बहुतेक वेळा नियमाने "प्रकाशित" धरला जात नाही, मग ते नाव ना धड जिवंत ना मेलेलं असं लोंबकळत राहतं आणि पुढच्याला ताप. नाव लागू व्हायचं तर पेपरमध्ये "नवीन प्रजाती" असं स्पष्ट लिहावं लागतं, फरक शब्दांत सांगावा लागतो, एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्यावर टेकतं तो एकच नमुना, ठरवून तो कुठल्या संग्रहात ठेवला ते द्यावं लागतं. पेपर फक्त ऑनलाइन असेल तर २०१२ पासून झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदणी पण लागते. होलोटाइप मात्र चिलीला जाऊ दे, सँतियागोचं राष्ट्रीय म्युझियम १८३० पासूनचं आहे. किडे त्यांचे, परवाना त्यांचा, उद्या तिथल्या पोराने बघायला जर्मनीचं तिकीट काढायचं का? आपण इतकी वर्षं लंडन पॅरिसकडे बघत हेच भोगलंय.

कौलारू
पण ताई मालवण का नको? नियमात बसत नाही का?

दर्या_ताई
नियमात बसतं, तीच तर गोची. नाव चुकीचं आहे म्हणून नियम ते रद्द करत नाहीत. ऑस्ट्रेलियातला तो हसरा कूकाबुरा आहे ना, त्याचं शास्त्रीय नाव नोव्हेगिनी, न्यू गिनीचा म्हणून. न्यू गिनीत तो नाहीच! आता कायमचं तेच. उद्या कोणीतरी बिचारा मालवणच्या खडपांत हा किडा शोधत बसेल. आईचं नाव दे की, शेवटी एई लावलं की झालं, त्या "किडे मोजतो" वर दिवस काढतायत.

जुना_मायक्रोस्कोप
आईचं नाव चांगलं. फक्त आधी किडा कोण ते ठरू दे.

खारं_पाणी
चार दिवसांनी येतोय, तोंड दाखवायला जागा नाही पण सांगतोच.

सरांनी सांगितलं तसे खुंट मोजले. सात किडे, मेथिलीन ब्लू, रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये. १, २, ५, ६ आणि ७ नंबरला १५ जोड्या, वलयं पण अगदी सरांनी सांगितली तीच, २६, २९, ३२. मग ३ नंबर घेतला तर खुंट संपेचनात. १८ जोड्या. म्हटलं झोप आलीय, चहा पिऊन परत मोजले, १८च. ४ नंबर, तिथे पण १८. मग डोकं बघितलं तर या दोघांच्या बाजूच्या अँटेना सरळ पुढच्या टोकातून निघतात आणि बाकीच्यांच्या मधल्या अँटेनाच्या खालून. म्हणजे बरणीत दोन वेगळेच प्राणी आहेत आणि मी महिनाभर दोघांना एक समजून चाललो होतो, कारण वरून दोन्ही कौलारू.

आता खरी मजा. दर्या ताईंनी ट्यूबचं विचारलं तेव्हा वही काढली. सीक्वेन्स आलाय तो ४ नंबरचा. एसईएमला गेलेले खवले २ नंबरचे. म्हणजे डीएनए एकाचा आणि फोटो दुसऱ्याचा, आणि मी दोन्ही जोडून एक नवीन प्रजाती केली होती. गाईडना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला.

कौलारू
😂😂😂 सुरमई कॅन्सल

जुना_मायक्रोस्कोप
अरे, लाजायचं काय त्यात. मी एकदा एका किड्याचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट एकाच चित्रात काढलं होतं, ते छापूनही आलं. तू छापायच्या आधी पकडलंस.

१८ जोड्यावाल्यांसाठी हॅलोसिड्ना हा जीनस बघ, त्यातही किनबर्गचाच एक पॅटागोनिका बसलाय, तिथूनच सुरुवात कर. त्या दोघांपैकी एक छोटा असेल तर फक्त मोठ्यावर भर दे, लहान वयात खवल्यांवरचे काटे कमी असतात आणि त्यावरून उगाच फरक दिसतो. आणि २ नंबरचे ते फोटो टाकून देऊ नकोस, काटे जुळत नाहीत म्हणालास ते १५ जोड्यावाल्यांचे आहेत, ती गोष्ट अजून उघडीच आहे. पहिलं काम, २ नंबरचा सीओआय कर.

दर्या_ताई
आणि ३, ४ वेगळ्या बरणीत काढ आजच. आत कागदाचं लेबल टाक, पेन्सिलने लिहिलेलं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये जाते.

खारं_पाणी
पेन्सिलनेच लिहिलंय ताई. हॅम्बुर्गला मेल टाकली काल, त्यांनी सांगितलं की टाइप (मूळ नमुने) बाहेर पाठवत नाही पण येऊन बघता येईल, सोबत गाईडचं पत्र आणा. पुढच्या गुरुवारी जातोय. २ नंबरचा पॅरापोडियम कापून ठेवलाय, डाव्या बाजूचा, वहीत लिहिलंय.

आईला आज सांगितलं दोन प्रकारचे किडे निघाले म्हणून. म्हणाली, मग आता डबल मोजायचे का.