मदत हवी आहे: रात्रपाळीची मावशी, कोथरूड (तातडीने)

केतकी_जो
घाईत लिहितेय. आईसाठी रात्री ८ ते सकाळी ८ अशी मावशी हवी आहे. खात्रीचा ब्युरो सुचवा. आलेल्या मावश्या टिकत नाहीत, एक तर मध्यरात्रीच भावाला उठवून निघून गेली. आई रात्रभर झोपत नाही, कडी काढायला जाते, "मला घरी जायचंय" म्हणते, मावशीला चोर समजते. दिवसा पेंगत असते. मी आणि भाऊ आळीपाळीने जागतोय आणि सकाळी दोघांनाही ऑफिस आहे. वृद्धाश्रमाचे सल्ले कृपया नकोत. फक्त ब्युरोचे अनुभव सांगा.

उदय_ठाणे
नाव कुठलंही असो, अटी आधी ठरवा. मावशी आली नाही तर बदली त्याच रात्री मिळणार का, हे लिहून घ्या. महिन्याचे पैसे आगाऊ मागतात, ते देऊ नका, आठवड्याचे द्या. आधारची प्रत आणि पोलीस पडताळणी झाल्याशिवाय घरात घेऊ नका. मावशीचं जेवण-चहा कुणाकडे, तेही आधी बोला. आमच्याकडे निम्मी भांडणं त्यावरूनच झाली.

निवृत्त_सिस्टर
केतकी, मावशीचं नंतर बघू. आईंचं वय काय? हे कधीपासून चाललंय? आधी विसराळू होत्या का? रोजच्या गोळ्या कोणत्या? लघवीला जळजळ, ताप? पोट साफ होतं का?

केतकी_जो
वय ७९. बीपी आहे, बाकी काही नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर ऐकून डिमेन्शिया असेल म्हणून सांगितलंय. त्यामुळे ते कळलंय, प्रश्न रात्रीच्या माणसाचा आहे.

स्वरगंधा
माझ्या सासूबाईंना अल्झायमर होता, म्हणून लिहिते. "घरी जायचंय" म्हणाल्या की "हेच तुमचं घर" असं पटवत बसू नका. त्याने त्या जास्त घाबरतात. त्या घराबद्दल विचारा. अंगणात काय होतं, विहीर कुठे होती. आमच्याकडे असं बोलत बोलत त्या खाटेवर येऊन बसायच्या. संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, सावल्यांची भीती वाटते. मुख्य दारावर पडदा सोडा, दार दिसलं नाही की जायची ओढ कमी होते. दिवसा उन्हात बसवा, दुपारची झोप मोडा.

अण्णा_नाशिक
रात्री दुधात किंचित जायफळ उगाळून द्या आणि तळपायाला तेल चोळा. तेवढ्याने नाही झालं तर सर्दीची साधी गोळी द्यायची, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. आमच्या मातोश्री त्यावर सहा तास गाढ झोपायच्या.

निवृत्त_सिस्टर
अण्णा, तेल चोळायला हरकत नाही. सर्दीची गोळी अजिबात नको. त्या जुन्या, पेंग आणणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो, लघवी तुंबते, पोट घट्ट होतं आणि पेंगेत उठून माणूस पडतो. मांडीचं हाड मोडून आलेले किती पेशंट मी वॉर्डात सांभाळलेत! केतकी, कधीपासून ते तू सांगितलंच नाहीस.

अण्णा_नाशिक
सिस्टर, मी अनुभवाचं सांगितलं. आमच्याकडे काहीही झालं नाही. सगळ्याच गोष्टींना घाबरवलं तर घरच्यांनी करायचं काय?

स्वरगंधा
अण्णा, तुमच्या आईंना सोसलं म्हणून ७९ वर्षांच्या दुसऱ्या बाईंना सोसेलच असं नाही. त्यांच्या गोळ्या काय आहेत हेसुद्धा अजून कुणाला माहीत नाही.

ओमाहाचा_विलास
मी इथून आईवडिलांचं बघतो. खोलीत कॅमेरा लावा आणि खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे बसवा, म्हणजे मावशीशिवायही भागेल. अवांतर: नोव्हेंबर आलाय, आईंना पेन्शन असेल तर हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. 'जीवन प्रमाण' ॲप आहे. बँकेत न्यायची गरज नाही.

निवृत्त_सिस्टर
गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो. त्यापेक्षा खाट बुटकी ठेवा आणि पायाशी मंद दिवा ठेवा.

ॲड_माधव
ताई, आई भानावर असतानाच मृत्युपत्र करून घ्या, हे कुणी बोललं नाही. घर मुलांच्या नावावर बक्षीसपत्राने करणार असाल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट पाळली नाही तर आईंना ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

केतकी_जो
माधवसर, मी मृत्युपत्राबद्दल विचारलेलं नाही. विलासदादा, पेन्शन नाही.
सिस्टर, गणपतीत तिने एकटीने मोदक वळले, दूधवाल्याचा हिशोबही स्वतः केला. शेजारच्या काकूंचं कर्ज कुठल्या साली फिटलं ते तिला पाठ होतं. हे सगळं दसऱ्यानंतर सुरू झालं. दुपारी कधी कधी एकदम नीट बोलते, मग संध्याकाळपासून पुन्हा तेच.

निवृत्त_सिस्टर
मग आज रात्री मावशी शोधत बसू नकोस. डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. गणपतीत हिशोब करणारी बाई दसऱ्यानंतर मावशीला चोर समजते, असं त्यात सहसा होत नाही. आणि दुपारी नीट, रात्री भ्रमिष्ट, असं वरखाली होणं वेगळं असतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. त्याच्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, साखर, सोडियम कमी होणं किंवा नवीन औषध. कारण सापडलं तर बहुतेकदा उतरतं. म्हाताऱ्या माणसांना संसर्ग होऊनही ताप येत नाही, त्यामुळे ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नये.
दसऱ्याच्या आसपास काही बदललं का? गोळी? पडल्या होत्या का? डोक्याला मार?

केतकी_जो
पडली नाही. पाय सुजायचे म्हणून बीपीची गोळी बदलली होती. आता पाकिटावर क्लोरथॅलिडोन असं लिहिलंय. जेवणात मीठ आम्ही कमीच घालतो, बीपीसाठी. रात्री उठायला नको म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी पीत नाही.

निवृत्त_सिस्टर
आधीची गोळी बहुतेक ॲम्लोडिपिन असेल, त्याने पाय सुजतात. नवीन गोळी लघवीवाटे मीठ-पाणी काढते. गोळी चांगलीच आहे, पण सत्तरीपुढच्या बायकांना तिच्याने सोडियम खाली जाऊ शकतं. वर जेवणात मीठ कमी. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं.
आत्ताच डॉक्टरांना फोन कर आणि उद्याची गोळी द्यायची का ते विचार. सकाळी रक्तात सोडियम, पोटॅशियम, साखर, क्रिएटिनिन आणि सीबीसी, शिवाय लघवीची तपासणी. रात्रीत आकडी (फिट) आली, उठवून उठेना, सारख्या उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने, आयुर्वेदिक असतील तीही.

अण्णा_नाशिक
मग तोपर्यंत मीठ-लिंबाचं सरबत द्यायला काय हरकत आहे?

निवृत्त_सिस्टर
रिपोर्टशिवाय नको. सोडियम काही वेळा अंगात पाणी जास्त झाल्यामुळेही उतरतं, तेव्हा वरून सरबत पाजलं तर बिघडतं. आणि पेंगलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, छातीत जातं.

उदय_ठाणे
केतकी, काय झालं ते कळव. अर्धं लक्ष इकडेच आहे.

केतकी_जो
सोडियम १२१ आलं. ॲडमिट केलंय. गोळी बंद केली. लघवीत संसर्गही निघाला. पण सलाईन एवढी हळू का लावलीय? भाऊ सारखा नर्सशी भांडतोय.

निवृत्त_सिस्टर
भावाला शांत कर. सोडियम झपाट्याने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून मुद्दाम हळू चढवतात आणि मधे मधे रक्त तपासतात. ते बरोबर करतायत. तिथे तुमच्यापैकी एकाने सतत उशाशी बसा. चष्मा दिलाय का? नसेल तर घरून आणा. दिसलं नाही की गोंधळ वाढतो. समोर घड्याळ ठेवा, वार आणि वेळ सांगत राहा.

स्वरगंधा
सिस्टर, खूप बरं झालं तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत. माझ्या अनुभवावरून मीही डिमेन्शियाच धरून चालले होते.

ओमाहाचा_विलास
बिलाचं बघितलंत का? ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधारवर कार्ड निघतं. हॉस्पिटल मात्र यादीतलं लागतं, ते तिथल्या काउंटरवर विचारा.

केतकी_जो
हे हॉस्पिटल यादीत नाही. कार्ड मात्र काढून ठेवते. आज आईने मला नावाने हाक मारली आणि भावाला, दाढी का वाढवलीस, म्हणून विचारलं. रात्री अजून थोडी बडबडते. सोडियम आता १३१ आहे. घरी सोडल्यावर हे पूर्ण जातं का? आणि खूप अशक्त झालीय, त्यामुळे मावशी लागणारच आहे.

निवृत्त_सिस्टर
रक्त सुधारलं तरी डोकं निवळायला काही आठवडे लागू शकतात, घाबरू नकोस. घरी गेल्यावर सोडियम पुन्हा तपासायला कधी यायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घे. मीठ किती द्यायचं तेही विचार. पाणी दिवसा द्या, संध्याकाळनंतर कमी. दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या, कारण कधी कधी आतला डिमेन्शिया अशा आजारातच पहिल्यांदा दिसतो. ती आत्ता केली तर चुकीची येईल.
मावशी घेताना स्पष्ट सांग, बाई आजारातून उठतायत, वेड्या नाहीत. पहिल्या रात्री तू घरात थांब.

उदय_ठाणे
कोथरूडच्या एका ब्युरोचा नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय, माझ्या मावसबहिणीकडे त्यांचीच मावशी होती. कमोडची खुर्ची आणि वॉकर विकत घेऊ नका. पुण्यात बऱ्याच संस्था रुग्णसाहित्य अनामत ठेवून देतात, परत केलं की पैसे परत. घेताना खुर्चीच्या पायांची रबरं तपासा, घसरतात.

केतकी_जो
व्यनि मिळाला, बोलले त्यांच्याशी. सोमवारपासून येतील. खुर्चीसाठी भाऊ उद्या जातोय.