एमएच सीईटी लॉ: रिझनिंगमध्ये 'शिवाय'वाले प्रश्न दर वेळी चुकतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ३८ वर्षांची, बीकॉम होऊन जमाना झाला, कल्याणला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते आणि यंदा ३ वर्षांच्या एलएलबीसाठी सीईटी द्यायचं डोक्यात घेतलंय. १२० प्रश्न, २ तास, त्यातले २४ लॉजिकल रिझनिंगचे. रात्री पोरं झोपली की साडेदहाला वही उघडते. जीके, इंग्लिश जमतंय हळूहळू पण रिझनिंगला गाडी अडते ती अडतेच. आणि गंमत म्हणजे उत्तर चुकलंय हे कळतं, का चुकलंय ते कळत नाही!

कालचाच प्रश्न देते.

विधान: क्लास लावल्याशिवाय सीईटीत चांगले मार्क पडत नाहीत.
(अ) ज्यांनी क्लास लावला त्यांना चांगले मार्क पडतात.
(ब) ज्यांना चांगले मार्क पडले त्यांनी क्लास लावला होता.

मी दोन्ही बरोबर धरले. उत्तरात फक्त ब. अ का नाही?? तेच तर म्हटलंय ना विधानात? (क्लासची फी भरून बसलेय मी, त्यामुळे अ खरं असावं अशी मनापासून इच्छाही आहे.)

दुसरं, "सगळ्या फाइली निळ्या आहेत" यावरून "काही फाइली निळ्या आहेत" हा निष्कर्ष म्हणे निघतो. अहो पण सगळ्या निळ्या असताना काही कशाला म्हणेल कोणी? मी सरळ चूक ठरवून मोकळी झाले.

कोणीतरी सोप्या भाषेत सांगा प्लीज. क्लासमध्ये विचारलं तर "फॉर्म्युला पाठ करा" म्हणाले.

प्रतिसाद १:
ताई, कल्याणच्या आहात म्हणजे हे उदाहरण लगेच पटेल. "पास किंवा तिकीट असल्याशिवाय लोकलने जाता येत नाही." बरोबर? आता पास खिशात आहे म्हणून डोंबिवलीला सकाळी ८:३० च्या गाडीत चढता येतंच का? 😄 पास लागतो, पण नुसत्या पासाने भागत नाही. क्लासचं तेच. विधान एवढंच सांगतंय की क्लास नाही तर मार्क नाहीत. क्लास लावला तर पुढे काय होईल याबद्दल ते गप्प आहे. उलट कोणी गाडीत बसून रीतसर चाललेला दिसला तर त्याच्याकडे पास किंवा तिकीट आहे हे नक्की, तो तुमचा ब.

मी अशा वाक्यांचं 'तरच' करून बघतो. "क्लास लावला तरच मार्क पडतात." आणि अ मध्ये आहे नुसतं 'तर'. सगळा खेळ त्या एका 'च'चा आहे, आपण बोलताना तो खाऊन टाकतो आणि पेपरात नेमका तोच विचारतात. विधान खरं आहे की खोटं याच्यात मात्र पडू नका, क्लास न लावता पास झालेले शंभर जण तुमच्या ओळखीचे असतील, पेपरापुरतं ते विसरायचं.

प्रतिसाद २:
'काही'चं सांगते. आपण "काही मुलं पास झाली" म्हणतो तेव्हा बाकीची नापास झाली हे न बोलता कळतं. लॉजिकमध्ये तसं नसतं, तिथे काही म्हणजे किमान एक, मग सगळेही चालतात. डब्यातले सगळे लाडू संपले तर काही लाडू संपले हे खोटं ठरत नाही ना? एवढंच.

आणि गोल काढायची सवय लावा हो. "सगळे वकील पदवीधर आहेत, काही पदवीधर शिक्षक आहेत" म्हणून काही वकील शिक्षक आहेत का? एक मोठा गोल पदवीधरांचा, त्याच्या पोटात छोटा वकिलांचा, आणि शिक्षकांचा गोल मोठ्याला छेदून जाणारा पण छोट्याला न शिवता काढता येतो का बघा. येतो. मग निष्कर्ष पक्का नाही, सोडून द्या. पाच सेकंदांचं काम आहे.

अजून एक, इथे निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा ठेवू नका. माझी भाची क्लॅटचं (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) करतेय, तिकडे चुकीला पाव मार्क कापतात आणि रिझनिंगला भलेमोठे उतारे, त्यामुळे तिचं पुस्तक आणून सराव करू नका, उगाच घाबराल.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार! आज जेवणाच्या सुट्टीत स्वतःच एक बनवून बघितलं. "सही असल्याशिवाय चेक वटत नाही." सही आहे म्हणून वटेलच का, तर नाही, खात्यात पैसे नसले की परत येतो, हे तर मी ऑफिसात इतक्यांदा बघितलंय आणि पेपरात मात्र चुकत होते, काय म्हणावं. त्यानंतर 'शिवाय'वाले १० सोडवले, ८ बरोबर आले.

आता नात्यांवर अडलेय. "माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची बायको माझी कोण?" मी आई लिहिलं. पण आजोबा आईचे वडील असले तर ती मामी होते की! पर्यायांमध्ये दोन्ही दिलेत. काय धरायचं?