पहिली नोकरी : पुण्याचं मोठं ऑफिस की लातुरातल्या मॅडम?

माळवद_लातूर
बी.आर्क.चं पाचवं वर्ष संपलं, आर्किटेक्चर कौन्सिलची नोंदणी बाकी आहे. हातात दोन ऑफर. पुण्यात दीडशे माणसांचं ऑफिस, टाउनशिपची कामं, महिना 22 हजार. दुसरी इथंच, औसा रोडला : एक मॅडम, दोन ड्राफ्ट्समन, 12 हजार.

पुणेवाल्यांनी पोर्टफोलिओ बघितला, रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली इमारतीची चित्रं) आवडले म्हणाले, दहा मिनिटांत हो. मॅडमनी पोर्टफोलिओ उघडलाच नाही. कोरा कागद पुढं केला, "मजला 3 मीटर, जिन्याचा सेक्शन काढ." म्हणजे उभा छेद. मी 150 मिलिमीटर उंचीच्या 20 पायऱ्या काढल्या, मधे लँडिंग, आणि लँडिंगखालून संडासाचं दार. त्यांनी काही न बोलता पेन्सिलनं दारात एक माणूस काढला. लँडिंग दीड मीटरवर, माणसाचं डोकं स्लॅबच्या वर! मला घाम फुटला.

बाबा म्हणायलेत पुण्याला जा, पाच वर्षं फी कशाला भरली. आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिला मी इथंच पाहिजे. काय करू?

बीडचा_टीस्क्वेअर
पुण्यातल्या अशाच एका ऑफिसात (नाव नको) 14 महिने काढले, त्यातले 9 नुसते टॉयलेट डिटेल. टाइल कुठून सुरू करायची, नहाणी ट्रॅप कुठं, झोपेत विचार, सांगतो. साइट दोनदा पाहिली, त्यातली एकदा भूमिपूजनाला. पण खोटं कशाला बोलू, ड्रॉइंगची शिस्त तिथंच लागली. रिव्हिजन नंबर, कुठली शीट कुणाला कधी गेली, सगळं लिहून. आमच्याकडं तर अजून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि मिस्त्री जुन्याच फोटोवर भिंत उचलतो.

जालना_रोड
22 हजारात कॉटबेसिस, मेस आणि पेट्रोल. महिनाअखेर बाबांनाच फोन लावशील बघ 😀

काळी_माती
ताई, मोठं-छोटं सोड. तुझ्या ड्रॉइंगवर लाल पेन कोण चालवणार, ते बघ. ज्या बाईनं दारात माणूस काढून दाखवला, तिनं फुकटात एक धडा दिला तुला. पुण्यात तसा टीम लीड मिळाला तर पुणंही वाईट नाही. तिथल्या एखाद्या ज्युनिअरला गाठून विचार, मागच्या सहा महिन्यांत काय काढलंस म्हणून.

मी या भागात वीसेक वर्षं काम करतोय. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात आमच्या आज्याचं घर बसलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची फूटभर माती. (तुझं नाव वाचून तेच आठवलं.) आजही साइटवर गेलो की आधी कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बघतो. फिटर घाईत रिंगेच्या टोकाचा हूक 90 अंशालाच सोडतो. तो 135 ला वाकवून आत घ्यायचा असतो, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते. तसंच काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा स्वतः उतरून बघायचा. हे स्क्रीनवर दिसत नाही.

आता मॅडमचीही बाजू ऐकून घे. 12 हजार कमीच आहेत, सहा महिन्यांनी वाढवणार का, आत्ताच विचार, लाजू नको. नकाशावर सही कुणाची, नोंदणी नंबर कुणाचा, तेही बघ. 1972 च्या कायद्यानं नोंदणीशिवाय नावापुढं आर्किटेक्ट लावता येत नाही. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाकडंच ठेवायची नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी ठेवून घेतली होती, सोडवायला पाच चकरा मारल्या.

माळवद_लातूर
सगळ्यांना थँक्स. आज मॅडमना विचारलं. सही त्यांची, नंबर त्यांचा. पगाराचं म्हणाल्या दिवाळीला 15, त्याच्या आधी नाही. लेटरवर लिहून देते म्हणाल्या. पुण्याला अजून कळवलं नाही, शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

उद्या सकाळी सातला एका स्लॅबचं लोखंड तपासायला बोलावलंय, "नोकरी घे नाहीतर नको घेऊ, बघून तर जा." बूट आहेत का विचारलं. माझ्याकडं चपलाच आहेत, भावाचे मागितलेत.