वेल्डिंग शॉपमध्ये रोबो येतोय: इन्सेंटिव्ह आणि माणसांबद्दल करारात काय लिहून घ्यावं?

कमिटी_चाकण
नमस्कार मंडळी. चाकणमध्ये दुचाकीचे ब्रॅकेट बनवणाऱ्या युनिटच्या कामगार कमिटीसाठी विचारतोय. आज शिफ्टला हाताने सीओटू वेल्डिंगचे ६ बूथ चालतात. माणशी ८० नग स्टँडर्ड (शिफ्टला ठरलेलं काम), त्यावर नगामागे इन्सेंटिव्ह. आता दोन रोबो सेल (रोबो आणि त्याची कुंपणातली जागा) येणार आहेत, प्रत्येकी दोन फिक्स्चरचं (भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यांचं) फिरतं टेबल. मॅनेजमेंटचा प्रस्ताव असा : सेलला एक ऑपरेटर, शिफ्टला २७० नग, इन्सेंटिव्ह २७० च्या वर. बाकीचे चार जण "इतर विभागात". रोबोचा वेल्ड ९२ सेकंद, टेबल फिरायला ८. वेतनकरार याच वर्षी संपतोय. कुठे अडून बसायचं आणि कुठे सोडायचं?

रोबोसेल_मेंटेनन्स
आधी २७० चा आकडा तपासा. ८ तासांतून जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की ४५० मिनिटं, म्हणजे २७,००० सेकंद. १०० सेकंदांच्या सायकलने भागा, बरोबर २७० येतात. म्हणजे सेल एक सेकंदही थांबला नाही तर जे निघेल तेच तुमचं स्टँडर्ड धरलंय. त्यावर एक नगही निघणं शक्य नाही, मग इन्सेंटिव्ह कशावर मिळणार?

सेल थांबतोच. शिफ्टच्या सुरुवातीला टॉर्चचा टीसीपी (टोकाची नेमकी जागा) आणि फिक्स्चर तपासायला १० मिनिटं, नोझल साफ करणं आणि कॉन्टॅक्ट टिप बदलणं १५, लोकेटिंग पिनवरचा स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) काढणं १५, वायरचा ड्रम बदलून पहिला नग क्वालिटीकडून पास करून घेणं १०, बारीकसारीक अलार्म १०. तासभर गेला. उरल्या ३९० मिनिटांत २३४ नग. स्टँडर्ड याच्या आसपास बसायला हवं, आणि तेही चालू सेलवर टाइम स्टडी (घड्याळ लावून कामाची मोजणी) करून, कमिटीचा माणूस शेजारी उभा असताना. सप्लायरच्या डेमोवरून नाही.

दुसरं, माणसाची सायकल वेगळी मोजा. तयार नग उतरवणं, वेल्ड नजरेखालून घालणं, सुटे भाग फिक्स्चरमध्ये बसवून क्लॅम्प मारणं, याला ९० सेकंद लागत असतील तर दर नगाला श्वास घ्यायला १० सेकंद उरतात. आठ तास. पूर्वी वेल्डर स्वतःचा वेग ठरवायचा, आता टेबल ठरवतं. थकव्याची सूट धरल्याशिवाय टाइम स्टडीवर सही करू नका.

तिसरं, रीवर्क. प्रेस शॉपच्या भागांत फरक पडला आणि जोडात मिलिमीटरभर गॅप आली की हाताने करणारा वेल्डर टॉर्च हलवून ती भरतो. सीम ट्रॅकिंग (जोडाची रेषा स्वतः शोधणं) नसलेला रोबो शिकवलेल्या रेषेवरूनच जातो, मग भोक पडतं नाहीतर वेल्ड एका बाजूला बसतो. म्हणून दोन सेलना मिळून एक कुशल वेल्डर रीवर्कला आणि एक सेटर (रोबो लावून-जुळवून देणारा) लागतोच. शिफ्टला दोन नव्हे, चार माणसं. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

आणि कळकळीने सांगतो : टार्गेट असं ताणलेलं असलं की पिन साफ करायला माणूस दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडलं की रोबो थांबवणारा स्विच) बायपास करून आत शिरतो. साफसफाईचा वेळ स्टँडर्डमध्ये धरलेला असणं हाच त्यावरचा उपाय. टीच मोडमध्ये (शिकवताना) रोबो सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, ऑटोमध्ये तसं काही बंधन नाही.

करारनामा
वरच्या हिशोबाला धरून कायद्याचं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कामगार कपातीची शक्यता असलेला यंत्रातला किंवा पद्धतीतला बदल करायचा तर कलम ४० खाली २१ दिवसांची नोटीस लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच कलम ९-ए होतं. मात्र तोच बदल कराराने झाला तर नोटीस लागत नाही, म्हणून मोघम करारावर सही करू नका. "इतर विभागात" याऐवजी नाव, विभाग, ग्रेड आणि पगाराचं संरक्षण लिहून घ्या.

कपात झालीच तर एक महिन्याची नोटीस किंवा पगार, सेवेच्या दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि शिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचं वेतन. ३०० कामगारांच्या खाली सरकारची परवानगी लागत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या युनिटमध्ये करारच खरी ढाल.

इन्सेंटिव्हचं म्हणाल तर वेग यंत्राचा असताना नगावरचा इन्सेंटिव्ह अर्थहीन होतो. मागच्या १२ महिन्यांची सरासरी काढून ती पगारात घाला. कुठे घालता हे महत्त्वाचं. ३,००० रुपये बेसिकमध्ये गेले तर ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५/२६ ने, म्हणजे १,७३१ रुपयांनी वाढते. १८ वर्षांच्या माणसाला साधारण ३१,००० चा फरक. जुन्या ग्रॅच्युइटी कायद्यात "विशेष भत्ता" म्हटलं की तो फरक सहसा हातचा जायचा.

लघुउद्योजक_भोसरी
सगळी सरासरी बेसिकमध्ये घालणं लहान व्हेंडरला झेपत नाही, हे स्पष्ट सांगतो. रोबोचा हप्ता ऑर्डर असो वा नसो जातो, आणि रोबो बसला हे कळलं की ग्राहक वेल्डिंगचा दर कमी करून मागतो. काही भाग बेसिकमध्ये आणि उरलेला सेलच्या चांगल्या नगांवर गटाने, असं मागितलंत तर मालक बोलणीला बसेल. फिक्स्चर, लाइट किंवा कच्च्या भागांमुळे सेल बंद राहिला तर तो वेळ हिशोबातून वजा, हे मात्र लिहून घ्याच.

छोट्या बॅचला स्वतंत्र फिक्स्चर परवडत नाही, ते नग हातानेच होत राहणार. त्यांची यादी करा, चारपैकी दोघांचं काम तिथेच सापडेल.

कमिटी_चाकण
आभार, फार मोलाचं सांगितलंत. दोन गोष्टी राहिल्या. पेंडंट (रोबो चालवायचा हातातला पॅनेल) कोणाला शिकवायचा? आणि सहापैकी दोन बूथवर ठेकेदाराकडची कंत्राटी मुलं आहेत, त्यांचं काय?

रोबोसेल_मेंटेनन्स
सप्लायर सेल उभा करताना ट्रेनिंग देतो. किती जणांना, हे परचेस ऑर्डरमध्येच ठरतं, म्हणून ऑर्डर जाण्याआधी शिफ्टला दोन वेल्डरांची नावं द्या. जॉब निवडणं, पॉइंट टचअप, टीसीपी तपासणं, वायर फीडरचा लायनर बदलणं एवढं आलं की माणूस सेटर होतो. हे न शिकलेल्याला पुढे लोडर म्हणून खालच्या ग्रेडमध्ये टाकतात. वेल्ड कळणाऱ्याला पेंडंट लवकर येतो, उलटं अवघड.

करारनामा
ठेकेदाराकडच्या मुलांवर पहिला घाव बसतो आणि कागद त्यांच्याकडेच नसतात. १२ महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर ठेकेदाराकडून भरपाईचा हक्क आहे. यूएएनचं (पीएफ खात्याच्या नंबराचं) पासबुक, ईएसआयचा नंबर, पगाराच्या स्लिपा आणि गेट पासचे फोटो आत्ताच जमा करायला सांगा. ठेकेदार मध्येच बदलला असेल तर दोन्ही ठेकेदारांच्या पीएफ कोडखालच्या तारखा जुळवून ठेवा. थकलेलं वेतन ठेकेदाराने दिलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, तो अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात करायचा.