पाठबळ घ्या, पण मजकुरावर हक्क देऊ नका

"जाहिरात घेतली की लेखणी गहाण पडली" असं काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. 1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. त्या पैशानं अंकाची धार कमी झाली नाही. पैसे देणारा मजकुरात हात घालतो का, एवढंच बघायचं.

आमच्या छोट्या दिवाळी अंकासाठी कोल्हापूरच्या बाजारपेठेत, गुजरीत, महाद्वार रोडवर जाहिराती मागत फिरताना अट आधीच सांगतो: छापण्यापूर्वी मजकूर कुणाला दाखवणार नाही. एका क्लासवाल्यांनी पानाचे दुप्पट पैसे देऊ केले, पण संचालकांची मुलाखत लेख म्हणून हवी होती. वर ठळक 'जाहिरात' अशी पट्टी टाकून छापतो म्हटल्यावर त्यांनी विषयच सोडला. ही पट्टी कधीही सोडू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यातही शिफारस करणाऱ्याचे कंपनीशी आर्थिक संबंध असतील तर ते उघड करायला सांगितलंय. मोठी जाहिरात गेली तरी चप्पल लाइन या चपलांच्या बाजारातले काही दुकानदार दरवर्षी पाव पान घेतात आणि अंक हातात पडला की लगेच पैसे देतात. अशी लहान गिऱ्हाइकं जास्त जोडा, म्हणजे एकानं हात आखडता घेतला तरी अंक अडत नाही.