कोरडा कापूस नको
अँजिओसार्कोमा या कॅन्सरच्या जखमेतून रक्त आलं की हळद लावून कापूस दाबून धरावा, असं वरच्या एका पोस्टमध्ये लिहिलंय. दाबणं बरोबर, पण हळद नको आणि कोरडा कापूस तर अजिबात नको. माझ्या मावशीला डोक्याच्या त्वचेवर हा कॅन्सर होता. फोंड्याला घरी आम्ही आधी कापूसच लावला. काढताना खपली सोबत आली आणि उशी पुन्हा भिजली. हा कॅन्सर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातूनच उगवतो, नुसत्या घासण्यानेही वाहायला लागतो. मग नर्सबाईंनी शिकवलं: न चिकटणारी पॅराफिनची जाळी, वर गॉझ, आणि घड्याळ बघून 10-15 मिनिटं सलग दाब. मध्ये उचलून बघायचं नाही. पट्टी काढण्याआधी सलाईनने भिजवायची. टॉवेल गडद रंगाचे घेतले, कारण पांढऱ्यावरचं लाल बघून मावशी फार घाबरायची.

आणि इथे कुणी लिहिलं नाही ते हे, की रक्त थांबवण्यासाठीही रेडिएशन देतात. गुण यायला काही दिवस लागतात, पण डॉक्टरांना जरूर विचारा. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्याही असतात. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधी सांगा. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका. दाबूनही धार थांबत नसेल तर वाट न बघता 108 लावा.