मदत हवी आहे: दिवेलागणीचे फोटो बिघडतात

मंडळी, नव्या शहरात येऊन २ वर्षं झाली. आधी नुसती चिडचिड व्हायची. आता रोज संध्याकाळी कॅमेरा घेऊन भटकते आणि चक्क या शहराच्या प्रेमात पडलेय. अडचण अशी, की सूर्य मावळल्यावर आकाश गडद निळं होतं, दिवे लागतात, नेमके तेव्हाचेच फोटो बिघडतात. शटर १/१५ सेकंद उघडं ठेवलं की हात हलतो, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० केला की सगळीकडे दाणे. कठड्यावर कॅमेरा टेकवून टायमर लावला तर इमारती छान येतात, पण चालती माणसं पुसट. (आणि माणसांशिवाय शहर कसलं!) रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढून दाणे नंतर कमी करावेत का? शिवाय अनोळखी माणसांचा फोटो काढताना तुम्ही आधी विचारता की नंतर? मला फार संकोच वाटतो.